औषध म्हणू नका, विष म्हणा

'औषध' हा शब्द आपल्याकडे दोन दुकानांत चालतो. एक मेडिकल, दुसरं कृषी केंद्र. मेडिकलमधलं औषध माणसाला जगवण्यासाठी असतं, कृषी केंद्रातलं औषध जीव मारण्यासाठी. तरी दोन्हींना नाव एकच. यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत कुठंही जा, शेतकरी म्हणतो, 'उद्या औषध मारायचं आहे.' मुस्लिम मोहल्ल्यात हेच 'दवा मारना' होतं. दुकानदार 'डोस' सांगतो, 'रिझल्ट'ची हमी देतो आणि आजारी पिकाचा डॉक्टर होऊन बसतो. ज्या वस्तूला औषध म्हटलं, तिची भीती कशी वाटणार? औषध जास्त झालं तर थोडा त्रास होईल, इतकंच माणूस समजतो. ते विष आहे, आणि आपल्या कातडीतून आत शिरतं, हे त्याला त्या शब्दात कुठंच ऐकू येत नाही.

हा शब्दाचा खेळ वाटत असेल तर २०१७ आठवा. त्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. ८०० च्या आसपास माणसं दवाखान्यात दाखल झाली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते. कुणाच्या डोळ्यांपुढे अंधार, कुणाला उलट्या, कुणी भ्रमिष्टासारखं बडबडत होता, कुणी श्वासासाठी तडफडत होता. काहींना खाटेला बांधून ठेवावं लागलं. मेलेल्यांत जमिनीचे मालक होते, तसे रोजाने पाठीवर पंप घेणारे भूमिहीनही होते. विषाने कुणाला जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. पण पंप कुणाच्या पाठीवर येतो, हे मात्र आपल्या समाजाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शाळा लवकर सुटलेल्या, जमीन नसलेल्या, रोजीला 'नाही' म्हणता न येणाऱ्या माणसाच्या पाठीवर तो येतो. ती माणसं आदिवासी पोडावर आहेत, बौद्ध वस्तीत आहेत, मुस्लिम मोहल्ल्यातही आहेत.

इतकी माणसं गेल्यावर उत्तर काय मिळालं? 'निष्काळजीपणा.' शेतकऱ्याने मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही, दोन-तीन औषधं एकत्र केली. कंपन्यांनी हे म्हटलं, सरकारी यंत्रणेतून हे म्हटलं गेलं, आणि हळूहळू गावातली शहाणी माणसंही हेच बोलू लागली. मला या शब्दाशी भांडायचं आहे. कारण निष्काळजी तो, ज्याला माहीत असूनही जो काळजी घेत नाही. ज्याला कुणी सांगितलंच नाही, त्याला निष्काळजी म्हणणं हा त्याच्यावर झालेला दुसरा अन्याय आहे. आणि या विषाबद्दल काय माहीत होतं, कुणाला माहीत होतं, किती वर्षांपासून माहीत होतं, हे एकदा नीट पाहिलं की निष्काळजी कोण ते आपोआप समजतं.

शरीरात नेमकं काय होतं

आपल्या वर्तमानपत्रांत आरोग्याची पानं निघतात. टीव्हीवर सकाळी डॉक्टर येतात. वजन कमी करणाऱ्या नव्या इंजेक्शनची बातमी येते, कुठल्या बियांनी साखर उतरते ते येतं, रोज किती पावलं चालावं ते येतं. यात वाईट काही नाही. पण ज्या जिल्ह्यात लाखो हेक्टरवर कापूस उभा असतो आणि दर खरिपात हजारो पाठींवर विषाच्या टाक्या चढतात, तिथं या विषाचं विज्ञान साध्या मराठीत किती वेळा छापून आलं? म्हणून आधी तेच सांगतो. अवघड काहीच नाही. दहावी नापास माणसालाही समजेल असं आहे.

आपला हात हलवायचा तर मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत जातो. नस जिथं संपते तिथून एक रसायन बाहेर पडतं. त्याचं नाव ॲसिटिलकोलीन. ते स्नायूला म्हणतं, 'आवळ.' स्नायू आवळतो. काम झालं की तो हुकूम लगेच पुसावा लागतो, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील. हे पुसण्याचं काम शरीरातलं दुसरं एक द्रव्य करतं. त्याचं नाव कोलिनेस्टेरेज. फळ्यावर लिहिलेलं डस्टरने पुसावं तसं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं, हे क्षणाक्षणाला चालू असतं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही जी 'फॉस'वाली आणि त्यांच्या भावकीतली कीटकनाशकं आहेत, ती हा डस्टरच पकडून ठेवतात. मग फळ्यावर लिहिणं चालू राहतं, पुसणं बंद. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी वाहतं, घामाच्या धारा लागतात, उलट्या-जुलाब होतात. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि धूसर दिसू लागतं. मांसाचे गोळे कातडीखाली फडफडू लागतात. छातीत कफ भरतो. शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकून बंद पडतात. माणूस पाण्याबाहेर, कोरड्या शेतात, बुडून मरावा तसा मरतो.

अळीचंही हेच होतं. अळीची नस आणि माणसाची नस या बाबतीत वेगळी नाही. म्हणूनच हे विष दोघांवर चालतं. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ किडे मारण्याचं द्रव्य शोधत होता. त्या शोधात त्याच्या हाती ताबून लागलं, आणि दोन वर्षांत सारिन. हे पुढे युद्धातले विषारी वायू ठरले. शेतातली औषधं त्या वायूंपेक्षा बरीच सौम्य आहेत, पण शरीरात ती घाव घालतात ती जागा तीच. हे विज्ञान जगाला दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. ८० वर्षं झाली. तेव्हा 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणण्याचा हक्क ना कारखानदाराला आहे, ना सरकारला.

उताराही तितकाच जुना आहे. ॲट्रोपीन नावाचं इंजेक्शन लाळ, कफ आणि घाम आवरतं, मंदावलेलं हृदय सावरतं. प्रॅलिडॉक्सिम, ज्याला डॉक्टर 'पॅम' म्हणतात, ते पकडून ठेवलेला डस्टर सोडवायला मदत करतं. ते १९५० च्या दशकात तयार झालं. पण वेळ गेली की विष त्या डस्टरला असं घट्ट चिकटतं की मग सुटत नाही. म्हणजे या विषबाधेत तास मोजायचे असतात. आर्णीच्या किंवा झरी जामणीच्या एखाद्या खेड्यातून यवतमाळला पोचायला जो वेळ लागतो, त्यात माणसाचं आयुष्य ठरतं. (ॲट्रोपीन धोतऱ्यात असतं हे खरं आहे, पण म्हणून कुणी धोतरा पाजू नये. त्यात प्रमाणाचा पत्ता नसतो आणि तो स्वतःच जीव घेतो.)

आणि सगळी कीटकनाशकं अशी नाहीत. २०१७ मध्ये वापरलेलं डायफेन्थियुरॉन डस्टर पकडत नाही. ते पेशीच्या आतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बंद पाडतं. त्याला ठरावीक उतारा नाही. त्रास होईल तसा उपचार करावा लागतो. म्हणून रोग्याने काय फवारलं हे डॉक्टरला कळणं अत्यंत गरजेचं आहे. आपल्याकडे मात्र रोगी येतो आणि नातेवाईक म्हणतात, 'औषध मारत होता.' कोणतं? 'कापसावरचं.' डॉक्टरने यावर काय करावं?

कायद्यात सगळं लिहिलेलं आहे

आता निष्काळजीपणाचा हिशेब करू. १९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळलं गेलं आणि शंभरहून अधिक माणसं मेली. त्यातून चौकशी झाली आणि १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. १९७१ मध्ये नियम आले. ते नियम वाचले तर माणूस चाट पडतो. फवारणीच्या कामावर असलेल्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, असं त्यात आहे. जे 'फॉस' गटाच्या कीटकनाशकांसोबत काम करतात, त्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टेरेज महिन्यातून किमान एकदा मोजावं, असं आहे. काम करणाऱ्यांना संरक्षक कपडे असावेत, असं आहे. कीटकनाशक बनवणाऱ्यांनी आणि वितरकांनी सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं, असं आहे. डब्यासोबत माहितीपत्रक असावं आणि ते त्या भागातल्या भाषेतही असावं, असं आहे.

दर महिन्याला रक्ताची तपासणी! यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या शेतमजुराला हे वाचून दाखवा. तो हसेल. २०१७ साली शेकडो माणसं तडफडत आली तेव्हा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ही कोलिनेस्टेरेजची तपासणी होतच नव्हती. नियमाला तेव्हा ४६ वर्षं झाली होती. ज्या जिल्ह्याची ओळखच कापूस आहे, तिथल्या सर्वांत मोठ्या सरकारी दवाखान्यात कापसावरच्या विषाची साधी तपासणी नव्हती. आता सांगा, निष्काळजी कोण? टाकीमागे मजुरी घेणारा तो माणूस, की ४६ वर्षं झोपलेली ही व्यवस्था?

'किट का घातलं नाही?' असं विचारणाऱ्यांना एक साधी विनंती आहे. सप्टेंबरच्या उकाड्यात, पाऊस उघडल्यावर जेव्हा शेतातून वाफा निघतात, तेव्हा प्लास्टिकचा अंगरखा, मास्क, चष्मा आणि मोजे घालून, १५-१६ लिटरची टाकी पाठीवर घेऊन एक एकर चालून दाखवा. चष्म्यावर दहा मिनिटांत वाफ चढते. जीव गुदमरतो. हे किट थंड देशाचा विचार करून ठरवलेलं आहे. ज्या विषाला विदर्भाच्या हवेत न घालता येणारं किट लागतं, ते विष विदर्भात विकण्याजोगं नाही, हा त्याचा सरळ अर्थ. पण आपण अर्थ उलटा लावतो: विष बरोबर, माणूस चुकीचा.

२०१७ मध्ये आणखीही काही गोष्टी जुळून आल्या. बीटी कापसाला शेंदरी बोंडअळी दाद देईना. ज्या बियाण्याने 'फवारणी कमी लागेल' असं सांगितलं होतं, त्याच बियाण्यावर फवारणीमागून फवारणी करावी लागली. कापूस माणसाच्या डोक्याबरोबर वाढला होता, म्हणजे विष पायाशी न पडता तोंडावर, मानेवर, छातीवर येत होतं. बॅटरीवर चालणारे नवे पंप आले होते. त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक, आणि बारीक थेंब श्वासातून खोल जातो. तळहाताच्या मानाने कपाळाची, काखेची आणि जांघेची कातडी हे विष कितीतरी जास्त शोषते. घाम आला की आणखी. गळक्या टाकीने कंबर भिजते ती दिवसभर भिजलेलीच राहते. यातली कुठली गोष्ट त्या मजुराने ठरवली होती? बियाणं? पंप? विष? पिकाची उंची?

त्रिकोण कुणाला वाचता येतो?

डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे त्याहून कमी. ही चांगली योजना आहे, निरक्षर माणसालाही कळावी म्हणून केलेली. पण ती कुणी समजावली का? आपल्या मनात हिरवा रंग म्हणजे सुरक्षित, निळा म्हणजे काही नाही. प्रत्यक्षात चारही रंग विषाचेच आहेत. पिवळ्या त्रिकोणावर इंग्रजीत विष हाच शब्द लिहिलेला असतो. हिरव्याचा अर्थ 'प्यायला चालेल' असा नाही.

शिवाय हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेत जनावरांवर एकेक द्रव्य तपासून. किती प्रमाणात दिलं तर निम्मी जनावरं मरतात, यावरून. शेतात मात्र एका टाकीत दोन-तीन कीटकनाशकं, वर वाढीचं टॉनिक, वर विद्राव्य खत असं मिसळलं जातं. या मिश्रणाचा त्रिकोण कुठल्या डब्यावर छापलेला आहे? कुठल्याच नाही. हे मिश्रण शेतकरी स्वतःच्या डोक्याने करतो असंही नाही. काउंटरवरूनच 'हे आणि हे मिळून मारा' असं सांगितलं जातं. विकणाऱ्याला विक्री हवी, घेणाऱ्याला अळी मेलेली हवी, आणि मध्ये कृषी विभागाचा माणूस कुठं दिसत नाही.

माहितीपत्रक पाहिलंत का कधी? घडी उलगडली की हातभर कागद, अक्षर मुंगीएवढं, अनेक भाषा एकमेकींना खेटून. त्यातलं मराठीही असं की मराठीच्या मास्तरांना अडखळायला होईल. कायद्याची अट पूर्ण झाली, कंपनी मोकळी झाली. उद्या कुणी मेलं तर म्हणता येतं, 'आम्ही छापलं होतं.' छापणं आणि सांगणं यांत फरक आहे. सांगणं तेव्हाच होतं जेव्हा ऐकणाऱ्याला कळतं.

उत्तर माहीत आहे, हिंमत नाही

२०१७ च्या मृत्यूंनंतर सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मोनोक्रोटोफॉसवर पूर्ण बंदी घाला, यवतमाळसोबत वणी आणि पुसदच्या रुग्णालयांतही विषबाधेसाठी अतिदक्षता विभाग करा, अशा शिफारशी त्यातून आल्या. मृतांच्या वारसांना दोन-दोन लाख रुपये जाहीर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने पाच कीटकनाशकांची विक्री यवतमाळसह पाच जिल्ह्यांत थांबवली. किती काळ? ६० दिवस. नोव्हेंबरात! फवारणीचा हंगाम सरल्यावर. पुराचं पाणी ओसरल्यावर नदीला कुलूप लावण्याचा हा प्रकार. केंद्राचा कायदा राज्याला यापेक्षा फारशी मोकळीक देत नाही, हेही खरं. मग तो कायदा बदलायला हवा होता. २००८ आणि २०२० साली नवं विधेयक संसदेत आलं. ज्या हंगामात यवतमाळची माणसं मेली, तेव्हाही १९६८ चाच कायदा होता आणि पुढची अनेक वर्षंही तोच राहिला.

एकट्या मोनोक्रोटोफॉसचा प्रवास पाहा. २००५ मध्ये भारतात ते भाजीपाल्यावर वापरायला बंदी झाली. म्हणजे खाणाऱ्याला धोका आहे हे मान्य झालं. फवारणाऱ्याचं काय? त्याचा विचार नाही. कापूस कुणी खात नाही ना! २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणाच्या तेलात हेच विष गेलं आणि २३ मुलं मेली. तरी ते बाजारात राहिलं. २०१७ मध्ये यवतमाळ झालं. तरी राहिलं. २०२३ मध्ये केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, तोही उरलेला साठा संपवायला मुदत देऊन. माणसाच्या जिवापेक्षा गोदामातल्या साठ्याची काळजी जास्त.

श्रीलंकेने हेच मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्ये बंद केलं. पुढे आणखी काही अतिविषारी कीटकनाशकं बंद केली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं, आणि भाताचं उत्पादन या बंदीमुळे घसरलं नाही. आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, त्या यवतमाळने ही बातमी कोरून ठेवायला हवी. रागाच्या, निराशेच्या एका क्षणी माणसाच्या हाताशी काय आहे, यावर तो वाचतो की जातो ते पुष्कळदा ठरतं. घरात लाल त्रिकोणाचा डबा नसेल तर तो क्षण टळू शकतो. केरळने २०११ मध्ये मोनोक्रोटोफॉससह चौदा कीटकनाशकांवर बंदी घातली. भारतातलं एक राज्य हे करू शकतं. महाराष्ट्र ६० दिवसांपुढे जात नाही.

कंपन्यांची गोष्ट वेगळीच. डायफेन्थियुरॉन युरोपीय संघात वापरायला परवानगी नाही. स्वित्झर्लंडने २००९ मध्ये ते आपल्या शेतांतून काढून टाकलं. पण सिंजेंटा ही स्विस कंपनी 'पोलो' या नावाने ते आपल्याकडे विकत राहिली. पब्लिक आय या स्विस संस्थेने यवतमाळच्या पोलीस नोंदी तपासल्या, तेव्हा ९६ विषबाधांत आणि त्यांतल्या दोन मृत्यूंत पोलोचं नाव निघालं. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार झाली आणि काहींनी बासेलच्या न्यायालयाचं दार ठोठावलं. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. न्यायालय काय म्हणायचं ते म्हणेल. मला एवढंच विचारायचं आहे: जे विष त्यांच्या शेतकऱ्याच्या हातात द्यायला नको वाटलं, ते आमच्या हातात द्यायला चालतं, हा कुठला न्याय? २०२१ पासून स्वित्झर्लंडने त्याची निर्यातही बंद केली. म्हणजे त्यांनाही शेवटी हा प्रश्न टोचला. आम्हाला कधी टोचणार?

नशीब मध्ये आणू नका

अशा मयतीला गेलं की लोक म्हणतात, 'त्याची वेळ आली होती.' कुणी 'अल्लाह की मर्जी' म्हणतं, कुणी 'देवाची करणी'. दुःखात माणसाला आधार लागतो, त्याला मी हरकत घेत नाही. पण हेच वाक्य दुसऱ्या दिवशी व्यवस्थेला सुटका देतं. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आमच्या घराघरांत सांगितली जाते. विषाच्या बाबतीत उंट बांधलेलाच नाही. डबा उघडा आहे, तपासणी नाही, उतारा दूर आहे, माहितीपत्रक वाचता येत नाही. यात नशिबाचा भाग कितीसा? माणसांनी केलेल्या कामाला मर्जी म्हणणं हा त्या मर्जीवरचाही आरोप आहे.

मग करायचं काय? सरकारकडून मागायच्या गोष्टी मोठ्या नाहीत. फवारणीच्या हंगामात प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ॲट्रोपीन आणि पॅम असावं, आणि ते कसं द्यायचं हे तिथल्या डॉक्टरला ठाऊक असावं. कोलिनेस्टेरेजची तपासणी तालुक्याला मिळावी. फवारणी करणाऱ्या मजुरांची ग्रामपंचायतीत नोंद असावी, जशी रोजगार हमीची असते. कृषी केंद्राने मिश्रण सुचवलं तर ते बिलावर लिहून द्यावं. लिहायचं म्हटलं की निम्मी मिश्रणं आपोआप थांबतील. आणि लाल त्रिकोणाचे डबे दुकानातून जावेत, कायमचे.

पण सरकारची वाट पाहत बसायला पुढचा हंगाम थांबणार नाही. जे आपल्या हातात आहे ते सांगणं आहे. पाच गोष्टी आहेत, पाठ कराव्यात अशा. एक, फवारताना डोळ्यांपुढे धूसर झालं, लाळ सुटली, मळमळलं, की तिथंच थांबायचं. टाकी संपवायची नाही. दोन, कपडे उतरवायचे आणि साबणाने भरपूर पाण्याखाली अंघोळ करायची. डोळे साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचे. तीन, उलटी काढायला लावायची नाही, दूध-तूप पाजायचं नाही. घरगुती उपायात गेलेला तास परत येत नाही. चार, १०८ ला फोन करायचा आणि जाताना डबा सोबत न्यायचा. रिकामा असला तरी न्यायचा. डॉक्टरला त्या डब्यावरचं नाव हवं असतं. पाच, ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. धुणाऱ्या बाईच्या हातांतूनही विष आत जातं, आणि तिचं नाव कुठल्याच यादीत येत नाही.

हे सांगायला डॉक्टर लागत नाही. जुम्म्याच्या बयानानंतर दोन मिनिटं पुरतात. हरिपाठानंतर पुरतात, बुद्धविहारात पुरतात, ग्रामसभेत पुरतात, शाळेच्या परिपाठात तर उत्तम पुरतात, कारण मुलगा घरी जाऊन बापाला सांगतो. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला सांगा. मस्जिदीचा भोंगा हरवलेलं मूल शोधायला चालतो, तर मूल अनाथ होऊ नये म्हणूनही चालावा.

आणि सुरुवात त्या शब्दापासून करा. दुकानात गेलात की 'बोंडअळीचं विष द्या' असं म्हणून पाहा. दुकानदार दचकेल. शेजारी उभा असलेलाही दचकेल. बायकोला सांगा, 'आज विष फवारायला चाललोय.' ती विचारेल, 'तोंडाला काय बांधणार? कधी परतणार? सोबत कोण आहे?' औषध मारायला निघालेल्या माणसाला हे प्रश्न कुणी विचारत नाही.